शके १०६५, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहण



मागच्या महिन्यात दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. "ताई, तुमची एम.एस्सी. फिजिक्सची, मग शिलालेखांवर पीएच.डी. कशी काय? तिथे तुमच्या सायन्सचा काय उपयोग?" खरं तर हा प्रश्न माझ्या घरी सहा वर्षं चालू आहे, त्यामुळे तयार उत्तर आहे माझ्याकडे. पण उत्तर देण्यापेक्षा या वेळी माझी एक चूक सांगते. त्या चुकीतूनच माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण निघालं.

पहिल्या वर्षी एका चर्चासत्रात मी कोल्हापूरच्या शिलाहारांवर निबंध वाचला. पीपीटीत एक सुंदर तक्ता होता. डावीकडे लेखाचं नाव, मध्ये शक वर्ष, उजवीकडे इसवी सन. उजवीकडचा रकाना मी एक्सेलमध्ये एका फॉर्म्युल्याने भरला होता: शक अधिक ७८. विजयादित्याचा कोल्हापूर लेख, शके १०६५, म्हणजे ११४३. त्याचाच बामणी लेख, शके १०७३, म्हणजे ११५१. खिद्रापूरचा सिंघणाचा लेख, शके ११३६, म्हणजे १२१४. माझं संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्कर सर उठले आणि एवढंच म्हणाले, "बाई, वार जुळवून बघितलेत का?"

मला प्रश्नच कळला नाही. "बघते सर" म्हणून बसले.

संध्याकाळी खोलीवर येऊन बघितलं तेव्हा कळलं की तीनपैकी दोन सनं सरळ चुकलेली आहेत. आणि तिसरं बरोबर आलंय ते निव्वळ नशिबाने.

आधी ते दगड काय आहेत ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं नुसतं गणित वाटेल.

कोल्हापूरच्या शिलाहारांबद्दल शाळेत आपण फारसं काही शिकत नाही. पन्हाळ्याचा भोज राजा एवढंच ऐकून माहीत असतं. शिलाहारांची तीन घराणी होती, उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि आपलं कोल्हापूरचं. कोल्हापूरच्या घराण्यात गंडरादित्य, त्याचा मुलगा विजयादित्य आणि त्याचा मुलगा भोज दुसरा हे तिघे महत्त्वाचे. साधारण १११० ते १२१२ असा शंभर वर्षांचा काळ या तिघांनी व्यापलेला आहे. तिन्ही घराण्यांचे लेख वा. वि. मिराशींनी एका जाड खंडात संपादित केलेत (१९७७). तो खंड ग्रंथालयातून घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचावा लागतो. डबा घेऊन जा.

विजयादित्याचा शके १०६५चा लेख कोल्हापुरातच, शुक्रवार दरवाजाजवळच्या जैन बस्तीपाशी सापडला. लिपी जुनी कन्नड, भाषा संस्कृत. यात पहिल्यांदा वाचणाऱ्याला धक्का बसतो, पण बाराव्या शतकातल्या कोल्हापूरला बसला नसता. लेखात कोल्हापूरचं नाव क्षुल्लकपूर असं येतं. राजा वळवाडच्या मुक्कामी आहे. सामंत कामदेवाच्या पदरी असलेला वासुदेव नावाचा एक माणूस आहे, माघनंदी सिद्धांतदेवांचा शिष्य. या वासुदेवाने हाविन-हेरिलगे नावाच्या गावी पार्श्वनाथाचं मंदिर बांधलंय. त्या मंदिराला राजा दान देतो. किती? पाव निवर्तन शेत, तेही कुंडी प्रांतातल्या मापाने मोजलेलं, आणि बारा हात लांबीचं एक घर. बस. हे दान कशासाठी, तर देवाच्या अष्टविध पूजेसाठी, देवळाची पडझड झाली तर डागडुजीसाठी आणि तिथल्या मुनींच्या आहारासाठी.

मला हा लेख आवडतो तो त्या 'पाव'मुळे. राजाचा दगड म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गावंच्या गावं दान दिलेली येतात. इथे पाव निवर्तनाचा हिशोब आहे आणि माप कुठल्या प्रांतातलं तेही लिहून ठेवलंय, म्हणजे उद्या कुणी वाद घालायला नको. जमिनीच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर तेव्हाही असेच होतो म्हणायचं.

आणि दान कधी दिलं? दुंदुभी संवत्सर, माघ पौर्णिमा, सोमवार, चंद्रग्रहणाच्या वेळी.

म्हणजे लेख कोरणाऱ्याने तारीख एकदा नाही, पाच प्रकारे सांगितली आहे: शक वर्ष, संवत्सराचं नाव, तिथी, वार, ग्रहण. मी त्यातला फक्त पहिला आकडा उचलला आणि ७८ मिळवले. उरलेल्या चार गोष्टी 'अलंकारिक मजकूर' समजून सोडून दिल्या. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पाच रीडिंग घेऊन चार खोडली असती तर सरांनी जर्नल तोंडावर फेकलं असतं.

आता ७८चा घोळ. शक वर्ष चैत्रात सुरू होतं. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारी ते फाल्गुन ७९. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येतो. म्हणजे नियमाने १०६५ अधिक ७९, ११४४ यायला हवं. माझ्या फॉर्म्युल्याने ११४३ दिलं. मग बरोबर कुठलं?

इथे दुसरी गाठ आहे आणि तीच जास्त महत्त्वाची. आपण वय दोन प्रकारे सांगतो. "अठ्ठावीस पूर्ण" आणि "एकोणतिसावं चालू". माणूस तोच, दिवस तोच, आकडा वेगळा. शक वर्षाचंही तसंच होतं. गत वर्ष म्हणजे पूर्ण झालेली वर्षं आणि वर्तमान वर्ष म्हणजे चालू असलेलं. आजच्या पंचांगातला शक हा गत शक आहे. जुन्या लेखांमध्ये बहुतेक वेळा गतच असतो, पण नेहमी नाही. आणि दगडावर 'हे चालू वर्ष बरं का' असं कुणी लिहून ठेवत नाही.

मग ओळखायचं कसं? संवत्सरावरून. प्रभव, विभव, शुक्ल अशी साठ नावं आहेत. आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या पद्धतीत एक सोपा हिशोब चालतो: गत शकात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी जी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. भिंतीवरच्या कॅलेंडरवर करून बघा. शके १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, भागिले ६०, बाकी ३९. एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसू, आणि १९४७चा संवत्सर तोच आहे. (नर्मदेच्या उत्तरेकडचा लेख असेल तर हा हिशोब लावू नका, तिकडची मोजणी वेगळी.)

आता दगडाकडे या. दुंदुभी हा छप्पन्नावा. १०६५ गत मानलं तर बाकी उरते ५७, म्हणजे रुधिरोद्गारी. जुळत नाही. १०६४ गत, म्हणजेच १०६५ चालू, मानलं तर बाकी ५६. दुंदुभी! म्हणजे हा लेख चालू वर्ष सांगतोय. मग १०६४ अधिक ७९, ११४३. माझं उत्तर बरोबर होतं, पण दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या म्हणून. परीक्षेत असे मार्क मिळतात. पुढच्याच ओळीत बामणीच्या लेखाने ते परत काढून घेतले. बामणी हे कागलजवळचं गाव. तो लेख शके १०७३, प्रमोद संवत्सर, भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, पुन्हा चंद्रग्रहण. प्रमोद चौथा. हिशोब केलात तर दिसेल, १०७२ गत, १०७३ चालू. म्हणजे ११५०. माझ्या तक्त्यात ११५१ होतं.

एक वर्षाने काय फरक पडतो असं वाटू शकतं. मलाही वाटलं होतं. पण कुठला राजा कधी गादीवर आला, कुठलं युद्ध कुठल्या दानाच्या आधी झालं, हे सगळं अशा दोन-चार दगडांच्या तारखांवर उभं असतं. एक खिळा वर्षभर सरकला की त्याला टांगलेलं सगळं सरकतं.

संवत्सर जुळला, आता वार. यासाठी तुम्हाला खगोलशास्त्र यायलाच पाहिजे असं नाही. खगोलशास्त्रज्ञ वापरतात तो 'ज्युलियन दिवस क्रमांक' शोधा. फार पूर्वीच्या एका दिवसापासून सलग मोजलेले दिवस, महिने-वर्षांची भानगडच नाही. या क्रमांकाला ७ने भागलं की बाकीवरून वार कळतो. शून्य म्हणजे सोमवार, एक मंगळवार, असं पुढे. ११४३ची माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीला येते. तिचा क्रमांक २१,३८,५७०. भागा ७ने. बाकी शून्य. सोमवार.

रात्री दीड वाजता ही शून्य बाकी बघून मी खोलीत एकटीच हसले होते.

बामणीचा दिवस ८ सप्टेंबर ११५०, क्रमांक २१,४१,३४६, बाकी चार, शुक्रवार. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात, दक्षिण दाराजवळचा देवनागरीतला लेख तुम्ही पाहिला असेल. भोज दुसऱ्याचा पराभव करून यादव सिंघणाने हा मुलूख घेतला आणि कोपेश्वराला कूडल-दामवाड गाव दिलं, तो हा लेख. शके ११३६, श्रीमुख संवत्सर, चैत्र अमावास्या, सोमवार, सूर्यग्रहण. श्रीमुख सातवा, म्हणजे पुन्हा चालू वर्ष, गत ११३५. दिवस २२ एप्रिल १२१३, क्रमांक २१,६४,२१८, बाकी शून्य. सोमवार. माझ्या तक्त्यात १२१४ होतं.

तीनपैकी तीन वार जुळले. यातला कुठलाही एक वार योगायोगाने जुळण्याची शक्यता सातात एक. तिन्ही मिळून ३४३मध्ये एक. इथे एक प्रामाणिक शंका यायला हवी. मी 'गत' आणि 'चालू' यांतलं सोयीचं निवडून जुळवलं तर नाही ना? तसं केलं असतं तर ही शक्यता लटकी पडली असती, कारण प्रत्येक लेखाला दोन संधी मिळाल्या असत्या. पण निवड मी केलेली नाही, ती संवत्सराने आधीच करून दिली. वार नंतर तपासला. हा क्रम थीसिसमध्ये लिहून ठेवा. तोंडी परीक्षेला हमखास विचारतात.

आता ग्रहण. चंद्राच्या मध्यम गतीची सूत्रं आणि त्यांच्या दुरुस्त्या पुस्तकातून घेऊन मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. १ फेब्रुवारी ११४३च्या रात्री खरंच ग्रहण होतं, आणि साधंसुधं नाही, खग्रास. चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या जवळपास मधून गेला. कोल्हापुरात ग्रहणाचा मध्य रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान येतो, चंद्र चांगला वर असताना. बामणीचं ग्रहणही खग्रास आणि तेही रात्री अकराच्या सुमाराचं. म्हणजे दोन्ही वेळा ढग नसतील तर गावातल्या प्रत्येकाला लाल पडलेला चंद्र दिसला असणार.

इथे थांबले असते तर पोस्ट इथेच संपली असती. पण मी सहज उलट तपासणी केली. समजा, चुकीचं वर्ष धरलं असतं, ११४४ची माघ पौर्णिमा, तर काय दिसलं असतं? अपेक्षा होती की त्या पौर्णिमेला ग्रहणच नसेल आणि माझा मुद्दा आणखी पक्का होईल.

त्या पौर्णिमेलाही ग्रहण निघालं.

दहा मिनिटं मी स्क्रीनकडे नुसती बघत बसले. मग तपशील काढला. २२ जानेवारी ११४४, खंडग्रास, कोल्हापूरच्या वेळेने दुपारी तीनच्या आसपास. चंद्र तेव्हा क्षितिजाखाली, इथून काही दिसणं शक्य नाही. आणि वार? शनिवार. म्हणजे कुणी नुसतं 'माघ पौर्णिमा आणि चंद्रग्रहण' एवढंच सॉफ्टवेअरमध्ये शोधून "जुळलं!" म्हणालं असतं तर चुकीच्या वर्षावर शिक्का बसला असता. ग्रहण हा सर्वांत नाट्यमय पुरावा, पण या लेखात निकाल दिला तो संवत्सराने आणि साध्या सोमवाराने. मागच्या रांगेतल्या सरांनी ग्रहणाचं नाही विचारलं, वाराचं विचारलं, ते उगीच नाही.

हे सगळं मी नवीन शोधलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. कोल्हापूर आणि बामणी हे दोन्ही लेख एकोणिसाव्या शतकात कीलहॉर्न यांनी छापले आणि तारखा तेव्हाच ताडून दिल्या. हे कीलहॉर्न आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत, मग जर्मनीत गटिंगेनला गेले. आणि त्याच काळात आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेच काम करत होते. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ला मराठीत निघाला. त्याच वर्षी सेवेल यांच्याबरोबर इंग्रजीत त्यांची पंचांगाची कोष्टकं निघाली. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. मी प्रोग्रॅमला दोन सेकंद लागले तरी वैतागते. संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांनी दीक्षितांचा ग्रंथ निदान चाळावा. भाषा जुनी आहे, पण माणूस फार स्वच्छ विचार करतो.

मग माझं काम काय उरलं? दोन गोष्टी. एक म्हणजे दुसऱ्याने ताडलेली तारीख स्वतः ताडून बघणं, मी केलं ते. दुसरी, जी माझ्या प्रकरणाचा विषय झाली: हे तिन्ही दगड चालू वर्ष देतात. मग कोल्हापूर भागात बाराव्या-तेराव्या शतकात चालू वर्ष लिहायचीच रीत होती का? मी असं जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. तेवढ्यात सोमदेव आडवा आला. सोमदेवाने जैनेंद्र व्याकरणावर 'शब्दार्णवचंद्रिका' नावाची टीका लिहिली. कुठे बसून, तर कोल्हापूर देशातल्या आजुरिका गावी, म्हणजे आपल्या आजऱ्याला, गंडरादित्याने बांधलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात. राज्य वीर भोजाचं, म्हणजे भोज दुसऱ्याचं. वर्ष शके ११२७, क्रोधन संवत्सर. करा हिशोब. ११२७ अधिक १२, भागिले ६०, बाकी ५९. एकोणसाठावा क्रोधन. म्हणजे सोमदेव गत वर्ष देतोय, इसवी १२०५. खिद्रापूरच्या दगडाच्या आठ वर्षं आधी, त्याच मुलखात, दुसरी रीत.

दगड आणि पोथी यांच्या रीती वेगळ्या होत्या का? राजाच्या कचेरीतला लेखनिक एका पद्धतीने मोजायचा आणि व्याकरणाचा पंडित दुसऱ्या? की तीन लेखांवर मी फारच मोठं बोलतेय? तीन ही संख्या नियम काढायला कमी आहे. सध्या या भागातले संवत्सर दिलेले सगळे लेख एका शीटमध्ये टाकतेय, प्रत्येकासमोर 'गत की चालू' असा रकाना.

दोन सापळे सांगून ठेवते, मी दोन्हींत पाय घातलाय.

पहिला किरणोत्सवाचा. १ फेब्रुवारी ही तारीख ऐकल्यावर एका मैत्रिणीने लगेच विचारलं, "अगं, महालक्ष्मीचा किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी! काहीतरी संबंध असणार." मलाही क्षणभर अंगावर काटा आला. शिलाहार राजे स्वतःला महालक्ष्मीच्या वराने लाभलेले म्हणवतात, आणि तसा राजा पार्श्वनाथाला दान देतोय, त्यामुळे गोष्ट छान जमते. पण १५८२च्या आधीच्या तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या असतात. बाराव्या शतकात फरक सात दिवसांचा. सूर्याच्या दृष्टीने तो दिवस आजचा ८ फेब्रुवारी आहे. किरणोत्सव आटोपलेला. संबंध संपला. शिवाय चंद्रग्रहण आणि मावळतीच्या सूर्याची किरणं यांचा संबंध तरी काय लावणार होतो आम्ही, देव जाणे.

दुसरा सापळा जास्त गंभीर. तारीख गणिताने जुळली म्हणजे लेख अस्सल, असं नाही. नंतरच्या काळात बनवलेल्या खोट्या ताम्रपटांतही कुणी जाणकार जोशी हाताशी असेल तर तारीख बरोबर येऊ शकते. उलट अस्सल लेखात कोरणाऱ्याची चूक असू शकते. आणि ग्रहण लेखात आहे म्हणजे राजाने त्याच रात्री उभं राहून उदक सोडलं आणि दगड तेव्हाच कोरला, असंही नाही. ग्रहणातलं दान पुण्याचं, म्हणून संकल्प तेव्हा केला आणि दगड महिन्या-दोन महिन्यांनी उभा केला असेल. गणित फक्त एवढंच सांगतं की लेखातल्या पाच गोष्टी एकमेकींशी खोटं बोलत नाहीत. अक्षरवळण, भाषा, व्यक्तींची नावं हे बाकीचं काम राहतंच, आणि त्यात माझी एम.एस्सी. काडीची उपयोगी पडत नाही. हळेकन्नड मी चौथ्यांदा सुरू केलंय.

त्या चर्चासत्रातल्या सरांना नंतर फोन केला होता. सांगितलं, सर, वार जुळला. ते म्हणाले, "कुठला? गत धरून की चालू?" मी म्हटलं, चालू. "मग आता पन्हाळ्याकडचे बघ," म्हणाले आणि फोन ठेवला.